पूर्ण वेगात ‘मिसिंग’ करणारा पॉवर पंप : दोष कसा शोधावा?

पावसाची उघडीप मिळते, कपाशीवर तुडतुडे दिसू लागतात आणि नेमका त्याच दिवशी पाठीवरचा पेट्रोल पंप दगा देतो. हळू वेगात इंजिन नीट चालते. फवारणीसाठी पूर्ण वेग दिला की गचके खाते. अशा वेळी तसेच रेटून फवारणी उरकण्याचा मोह टाळावा.

या पंपात पंख्याच्या हवेने द्रावणाचे बारीक थेंब होतात. पाणी कमी लागत असल्याने विद्यापीठाच्या कीड सल्ल्यात साध्या पंपासाठीची मात्रा पॉवर पंपाकरिता तिप्पट करण्यास सांगितले जाते. इंजिन मिसिंग करू लागले की झोत मंदावतो व हेच तीव्र द्रावण मोठ्या थेंबांनी पडते. काही झाडांवर औषध जादा, काहींवर अपुरे पडते आणि मजुराच्या अंगावरही गळते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, हे विसरू नये.

दोष कोठे असतो?

हळू वेगात इंजिनला थोडेच पेट्रोल पुरते. पूर्ण वेगात ते मुख्य जेटमधून भरपूर यावे लागते. म्हणून फक्त वेगात मिसिंग होत असेल तर प्रथम पेट्रोलच्या वाटेवर संशय घ्यावा. पूर्ण वेगात चोक क्षणभर अर्धा बंद करून पाहावा. इंजिन सावरले तर पेट्रोल कमी पडते आहे. धूर टाकून आणखी दबले तर हवेची गाळणी व प्लग पाहावा.

तपासणीचा क्रम

प्रथम औषधाची टाकी रिकामी करावी, हात साबणाने धुवावेत व इंजिन थंड होऊ द्यावे.

१) पेट्रोल टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले असल्यास पेट्रोल उतरत नाही. ते मोकळे करावे.

२) जुने पेट्रोल काढून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओलावा शोषते व पाणी तळाशी साचते. ताज्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच मिसळावे. काही यंत्रांना लिटरला ४० मि.लि., तर काहींना २० मि.लि. लागते.

३) पेट्रोलची गाळणी, नळी व कार्बोरेटरची वाटी धुवावी. जेट तोंडाने फुंकू नये व तारेने कोरू नये. हातपंपाच्या हवेने साफ करावा.

४) काळ्या मातीची धूळ बसलेली हवेची गाळणी स्वच्छ करावी.

५) प्लग काढून रंग पाहावा. तपकिरी रंग चांगला. काळा व ओला असल्यास ऑइल जादा, हवा कमी किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरा असल्यास पेट्रोल कमी पडते आहे. असे इंजिन तापून जाम होऊ शकते, म्हणून चालवू नये. प्लगमधील अंतर साधारण ०.६ ते ०.७ मि.मी. असावे. अंतर वाढले की हळू वेगात पडणारी ठिणगी जोरात चुकते. प्लगची टोपी व वायरही घट्ट बसवावी.

६) सायलेन्सरमध्ये कार्बन साचला असल्यास काढावा.

एका वेळी एकच दुरुस्ती करून इंजिन चालवून पाहावे, म्हणजे खरा दोष कळतो. इंजिन थंड असताना ठीक चालून तापल्यावरच मिसिंग करत असेल व नव्या प्लगनेही फरक पडत नसेल, तर इग्निशन कॉइल मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

दुरुस्तीनंतर टाकीत साधे पाणी भरून पाच-दहा मिनिटे पूर्ण वेगात चाचणी घ्यावी, मगच औषध भरावे. हंगाम संपताच पेट्रोल काढून घ्यावे व कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून पंप ठेवावा. पुढील उघडिपीत एक दिवसही वाया जाणार नाही.