डोळा मिचकावणारा तारा

बालमित्रांनो, डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला उंच बघा. शर्मिष्ठेजवळ ययाती तारकासमूह दिसेल. आपल्या पालीत सरसगडाच्या पायथ्याशी, दिव्यांपासून दूर गेलात तर छानच!

ययातीतला अल्गोल तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. तेज जेमतेम एक तृतीयांश उरतं. का बरं? तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. आकाराने मोठा पण मंद तारा लहान, तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. म्हणजे चक्क ग्रहणच!

१७८३ मध्ये इंग्लंडच्या जॉन गुडरिकने हे कारण सुचवलं. वय अवघं अठरा. त्याला ऐकू येत नव्हतं. पण नजर पक्की होती!

मग काढताय ना वही? शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून रोज नोंद ठेवा.