चमचाभर हळद आणि नव्वद लिटर पाणी

कापलं, खरचटलं की हळदीची चिमूट दाबायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेने मात्र १९९५ साली हळदीने जखम भरण्याचं चक्क पेटंट देऊन टाकलं. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने झगडून १९९७ साली ते रद्द करायला लावलं. (माशेलकर मूळचे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले (एनसीएल), पॉलिमर आणि जेलचेच अभ्यासक, हे सहसा कुणी सांगत नाही.)

आता हीच हळद हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या, ड्रेसिंगमधून जखमेवर सोडण्याची खटपट चालू आहे. गार, लिबलिबीत, आरपार दिसणारी चकती. दहा बाय दहा सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटर धरा. एकूण ३० मिलिलिटर, त्यात नव्वद टक्के म्हणजे २७ मिलिलिटर निव्वळ पाणी. ओल टिकली की जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं होतं.

गोची या पाण्यातच आहे. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत साधारण ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे तिचा औषधी घटक, निघतं. ते साध्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमही विरघळत नाही. हिशेब करा: चमचाभर हळदीसाठी नव्वद लिटरहून जास्त पाणी, आणि चकतीत जेमतेम दोन मोठे चमचे!

म्हणून कर्क्युमिनचा भुगा करतात. शंभर नॅनोमीटरचे कण पाडले, तर ९० मिलिग्रॅमचे होतात सुमारे १३० लाख कोटी. त्यांचा एकूण पृष्ठभाग चार चौरस मीटर, म्हणजे धडधाकट माणसाच्या अंगावरच्या सगळ्या कातडीच्या दुप्पट; एवढ्या पृष्ठभागावरून रेणू भराभर सुटतात. जेलच्या जाळीचं भोक दहा नॅनोमीटरचं असेल, तर कण आत अडकून राहतात. त्यांच्यापासून सुटणारा एकेक रेणू एक-दोन नॅनोमीटरचा, तो आरामात बाहेर पडतो. जिवाणू हजार नॅनोमीटरचा. त्याला जाळीतून वाट नाही.

रेणूंच्या या प्रवासाचं गणित मात्र खट्याळ आहे: जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. त्यामुळे जाडजूड चकती म्हणजे जास्त औषध, असं समजू नये. शिवाय यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झालेलं आहे. पाकिटावर नुसतं ‘हर्बल’ दिसलं, तर कर्क्युमिन किती आणि ते किती तासांत सुटतं, हे दुकानदाराला जरूर विचारावं.