टॉवर फुल, तरी आवाज तुटतोय!

“टॉवर तर फुल दाखवतंय, मग नेटच का चालत नाही?” वैजापूर-गंगापूरकडच्या सपाट गावांत घरून काम करणारा माणूस हा प्रश्न एकदा तरी विचारतोच. लॉकडाउनमध्ये पुण्याहून गावी परतलेल्यांनी तो विचारला. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं कॉल सेंटरच्या कामाचे नियम सैल केले, घरून काम करणं सोपं झालं, तेव्हा आणखी लोकांनी विचारला. उत्तर ठरलेलं: “फोन जुना झालाय, बदलून टाक.” मग हप्त्यावर नवा फोन येतो. काड्या तितक्याच, आणि मीटिंगमध्ये साहेबांचं “तुमचा आवाज तुटतोय” हेही तितकंच.

काड्या वेग दाखवत नाहीत. कितीदा सांगितलं तरी हे पटत नाही, म्हणून पुन्हा एकदा. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या एवढंच सांगतात, की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. त्या टॉवरवर तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे का, तुमच्या फोनचा सिग्नल उलट टॉवरपर्यंत पोचतोय का, याबद्दल त्या चकार शब्द काढत नाहीत.

बरं, एक काडी म्हणजे किती, याचं सगळ्यांनी मान्य केलेलं मापही नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबानं काड्या काढते. विश्वास बसत नसेल तर २०१० च्या जुलैतली गोष्ट आठवा. आयफोन ४ च्या रेंजवरून बोंबाबोंब झाली, तेव्हा खुद्द ॲपलनं जाहीर केलं की काड्या मोजायचं आपलं सूत्रच चुकीचं आहे आणि फोन कधीकधी दोन काड्या जास्त दाखवतो. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा. बाकीच्यांच्या काड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा.

सिग्नलचा खरा आकडा फोनमध्येच असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या माहितीखाली तो डीबीएम या मापात दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जी वर उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला की हाल सुरू. दर १० डीबीएमला ताकद दहापट बदलते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजारपटीचा फरक आहे. फरक हजारपटीचा, आणि तो दाखवायला काड्या मोजून चार-पाच!

पण हा आकडासुद्धा येणाऱ्या सिग्नलचाच. देवळावरचा भोंगा मळ्यात स्वच्छ ऐकू येतो, म्हणून मळ्यातून मारलेली हाक देवळात ऐकू जाते असं नाही. टॉवर दहा वॅटच्या किंवा त्याहून किती तरी जास्त ताकदीनं बोलतो; ४जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट. टॉवरचे कान तिखट असतात, त्यामुळे एरवी निभावतं. मात्र घर पत्र्याचं असेल, जाड माळवदाचं असेल किंवा वर सिमेंटचा स्लॅब असेल, तर फोनची ही बारीक हाक आधी तुटते. यूट्यूब मजेत चालतं, समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसतो, फक्त तुमचं बोलणं त्याच्याकडे अर्धवट जातं. फोन मग पूर्ण जोर लावतो, तापतो, बॅटरी खातो. मे महिन्यात पत्र्याखाली आधीच तापलेला फोन स्वतःला वाचवायला आणखी मंद होतो.

आता गर्दीचं बघू. लांबच्या गावांपर्यंत पोचायला कंपन्या ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी वापरतात. त्या दूर जातात, भिंतीतून शिरतात, त्यामुळे काड्या भरगच्च दिसतात. पण तिथे कंपनीच्या हातातला पट्टा अरुंद असतो. ५ मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यावर नेहमीच्या दोन अँटेनांच्या रचनेत डाउनलोडचा कमाल वेग ३७ एमबीपीएसच्या आसपास, तोही कागदावर. एवढ्यातच त्या दिशेच्या सगळ्या वस्त्यांनी भागवायचं. रात्री आयपीएल सुरू झाली की चार काड्यांसह शून्य नेट! त्यात अनेक ग्रामीण टॉवर फायबरऐवजी मायक्रोवेव्हनं पुढे जोडलेले. २०१९ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानानं ७० टक्के टॉवरांना फायबर जोडण्याचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं.

कन्नड, सोयगाव, सिल्लोड या भागांत अजिंठ्याची डोंगररांग मध्ये येते, तिथे दुखणं उलटं: काडीच नाही. करोनाकाळात सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं डोंगरावर खोपटं बांधून ऑनलाइन वर्ग केले, ते याच कारणानं. डोंगराआड गेलेला टॉवर महागड्या फोनलाही दिसत नाही.

मग करायचं काय? नवा फोन घेण्याआधी घरातला जुना ४जी फोन काढा, त्यात सिम घाला आणि टॉवरच्या बाजूच्या खिडकीत किंवा सावली बघून गच्चीवर ठेवा. त्याचं हॉटस्पॉट घेऊन आत काम करा. जागा ठरवताना काड्या न बघता दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या ‘मायस्पीड’ ॲपवर वेग मोजा, आणि अपलोडचा आकडा आधी वाचा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. मीटिंगच्या वेळी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवा; अपलोडची अख्खी वाट तोच अडवून बसतो.

आता बाजारातले बाकीचे समज.

बूस्टर लावला की प्रश्न मिटला? बिनपरवाना बूस्टर बेकायदा आहे. आधी १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. शिवाय असला डबा टॉवरच्या कानात खरखर भरतो आणि अख्ख्या गावाचं नेट बसवतो.

५जी फोनशिवाय घरून काम होत नाही? झूमच्या नुसत्या आवाजाला कंपनीच्याच आकड्यांनुसार ६० ते ८० केबीपीएस पुरतात. व्हिडिओ बंद करायची लाज सोडा.

रोजचा डेटा संपला तरी ‘स्लो नेट’वर मीटिंग होईल? अनेक प्लॅनांत तो स्लो वेग ६४ केबीपीएस असतो. वरचा आकडा पुन्हा वाचा: जेमतेम आवाज जाईल, व्हिडिओ विसरा.

दोन कंपन्यांची सिमं आहेत, आता निर्धास्त? इंडस टॉवर्ससारख्या कंपन्यांचा एकच टॉवर अनेक मोबाइल कंपन्या भाड्यानं वापरतात. लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी बसली, की दोन्ही सिमं एकदमच मुकी होऊ शकतात. दुसरं सिम घेताना त्याचा टॉवर वेगळा आहे ना, एवढं विचारा.

घरात ब्रॉडबँड आहे पण फोनला रेंज नाही, म्हणून कॉल गच्चीवरूनच? सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करा. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. नेहमीच्याच प्लॅनमध्ये चालते.

टॉवर गावाबाहेर हाकलला की आरोग्य राखलं? टॉवरच्या रेडिओ लहरींची मर्यादा भारतानं २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली. टॉवर जितका लांब तितका कानाशी धरलेला फोनच जास्त जोर लावतो, हे ग्रामसभेत कुणी सांगत नाही.

ग्रामपंचायतीत सरकारच्या महानेट योजनेची केबल आली, म्हणजे घरी फायबर आलं? ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी वेगळी मागावी लागते.

आणि कंपनीच्या नकाशावर गाव हिरवं दिसतंय म्हणून लगेच सिम बदलणारे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे हे नकाशे आता कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सगळ्यांना बघता येतात, चांगलंच आहे. पण तो रंगही सिग्नल पोचतो एवढंच सांगतो. वेगासाठी शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या सिमवर रात्री नऊला मोजणी करावी लागते.