बुधवारची नाकं

सकाळी ६.३०
फोनवर घाबरलेली आई. "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याचा घोळणा फुटला. मान मागं टाकून निजवलं, कांदा हुंगवला, थांबतच नाई." वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हा फोन ठरलेला. मान मागं टाकली की रक्त घशात उतरतं. त्याला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. मध्ये सोडून बघू नका.

सकाळी ९
अमरावतीत, राजापेठेतली ओपीडी. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या या गावात नाकावर बसलेला कोपर नवा नाही. काल कबड्डीत लागलेला मुलगा आलाय. बाहेरून जेमतेम सूज, पण दोन्ही नाकपुड्या गच्च. आत पडदा जांभळा, फुगलेला, दाबला तर मऊ. पडद्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठा वरच्या अस्तरातून होतो. मध्ये रक्त साचलं की तो तुटतो, कूर्चा विरघळते आणि पुढे नाकाचा दांडा खचतो. म्हणून उद्यावर नाही. आजच छेद, निचरा, पट्टी.

सकाळी ११
स्कूटीवरून पडलेली तरुणी, सोबत सासूबाई. डोळ्यांखाली काळंनिळं, नाक डावीकडे. "आधी नाकाचं काही ऑपरेशन?" उत्तर सासूबाईंचं: "नाई जी, कसलं ऑपरेशन!" मी त्यांना केसपेपरच्या खिडकीकडे पाठवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो.
"सिलिकॉन हाये सर. लग्नाच्या आधी बसवलं. घरी कोणालेच माहीत नाई."
या एका वाक्यानं उपचार बदलतो. साधं फ्रॅक्चर असतं तर सूज उतरू दिली असती आणि आठ-दहा दिवसांच्या आत, भूल देऊन, हाड जागेवर बसवलं असतं. इथं आंधळेपणानं दाबायचं नाही. सिलिकॉनभोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करतं. मार लागला की ती फाटू शकते, तुकडा सरकतो, शेंड्याची कातडी आतून ताणतो. सिलिकॉनमध्ये रक्तवाहिन्या शिरत नाहीत. आतल्या अस्तराच्या जखमेतून जंतू त्यावर बसले तर अँटिबायोटिक तिथं नीट पोचत नाही. आधी सीटी स्कॅन. सासूबाईंना एवढंच सांगतो: हाड मोडलंय, फोटो काढायचाय.

दुपारी १
अकोल्याकडे. याच अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला, गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला. हेल्मेट अजून हँडललाच लटकलेलं दिसतं.

दुपारी ३
शस्त्रक्रिया. नाकात सिलिकॉन बसवलेल्या या तरुणाला काही महिन्यांपूर्वी क्रिकेटचा चेंडू लागला होता. दुखणं थांबलं, विषय संपला असं त्यानं धरलं. आता शेंडा लाल, कातडी इतकी पातळ की आतलं पांढरं दिसतं. सिलिकॉन काढतो, जागा धुतो. लगेच दुसरं बसवत नाही. जंतुसंसर्ग पूर्ण जाऊन ऊतक मऊ व्हायला काही महिने लागतात. नंतर बरगडीची कूर्चा. ती त्याची स्वतःची, म्हणून बाहेर पडण्याचा धोका कमी. मात्र ती वाकू शकते, हेही त्याला सांगून ठेवलंय.
टाके घालताना ज्युनिअरला पुण्याची गोष्ट सांगतो. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. १७९४ साली ते लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आलं. ते वाचून कार्प्यू या शल्यविशारदानं १८१४ मध्ये तिकडे ही शस्त्रक्रिया केली. कातडी कपाळाशी जोडलेली ठेवूनच वळवली होती, म्हणून ती जगली.

संध्याकाळी ६
अकोल्याची ओपीडी. एका चिमुरड्यानं नाकात तुरीचा दाणा घातलेला. दाणा निघाला, रडणं चालू.

रात्री ९
सीटीचे फोटो आले. हाड मोडलंय, सिलिकॉन डावीकडे सरकलंय. फोन तिच्याच नंबरवर करतो. नाक शिंकरू नका, चष्मा घालू नका, उताणं झोपा. ताप, पू, लाल शेंडा किंवा नाकातून पाण्यासारखी धार, यातलं काहीही दिसलं तर रात्र बघू नका. शुक्रवारी इम्प्लांट काढू, हाड बसवू.
"सासूले काय सांगू, सर?"
"ते तुम्ही ठरवा. पण इम्प्लांटचा कागद पर्समध्ये ठेवा, आणि पुढे जो डॉक्टर नाकाला हात लावेल त्याला आधी तो दाखवा."