कुलूप होतं, पण एक ओळ बाहेर राहिली

वाङ्मय मंडळाच्या अंकात ऑपरेटिंग सिस्टिमच्या बिघाडावर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. मराठीत शब्दांचा क्रम थोडा हलला तरी वाचणारा सांभाळून घेतो, कॉम्प्युटर घेत नाही. २०२१ साली लिनक्समधला एक गंभीर दोष दुरुस्त झाला. तो दुरुस्त करताना नवीन असं फार काही लिहिलं गेलं नाही. एक ओळ उचलून दुसऱ्या ओळीच्या खाली ठेवली, आणि तेच इतर जागी पुन्हा केलं. एकाच वळणाचे पाच दोष होते ते.

आधी कर्नल म्हणजे काय ते पाहू. (सैन्यातला कर्नल वेगळा, पण हाही हुकूम सोडतोच.) ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळं त्याच्या ताब्यात. साधा प्रोग्राम कोसळला तर तो एकटा बंद पडतो, कर्नल कोसळला तर अख्खं मशीन अडतं. आपला दोष होता कर्नलच्या नेटवर्किंगच्या भागात, व्हीसॉक नावाच्या सोयीत. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक आभासी कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना यजमान मशीनशी बोलायला जी वाट लागते, ती व्हीसॉक. निरोप नेमका कोणत्या मार्गाने न्यायचा हे सांगणाऱ्या भागाला तिथे ट्रान्सपोर्ट म्हणतात.

आता कल्पना करा, तलमडुगूत एक छोटं वाचनालय आहे. दारात रजिस्टर, आत कपाटं, आणि किल्ली एकच. नियम असा, की किल्ली ज्याच्या हातात, त्यानेच पुस्तकं हलवायची आणि रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची. तुम्ही आलात, रजिस्टर पाहिलं, चिठ्ठीवर लिहिलं ‘कपाट ३’ आणि किल्लीसाठी रांगेत थांबलात. तेवढ्यात किल्लीवाल्याने कपाट ३ रिकामं करून दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं आणि रजिस्टरमध्ये तशी नोंदही केली. तुम्हाला किल्ली मिळाली. तुम्ही चिठ्ठी पाहून थेट कपाट ३ उघडलं आणि आपलं पुस्तक त्यात कोंबलं. नियम कुणी मोडला? कुणीच नाही. कुलूप, किल्ली, रजिस्टर सगळं ठीक होतं. फक्त तुम्ही चिठ्ठी किल्ली घेण्याआधी लिहिली.

यालाच रेस कंडिशन म्हणतात. दोन कामं एकाच वेळी धावतात आणि निकाल कोण आधी पोचतो यावर ठरतो.

व्हीसॉकमध्ये अक्षरशः हेच झालं. एक धागा (प्रोग्राममधली स्वतंत्र चालणारी कामाची ओळ) बफरचा आकार बदलायला निघाला. त्याने ट्रान्सपोर्टचा पत्ता स्वतःजवळ उतरवून घेतला आणि मग कुलूप मागितलं. त्याच क्षणी दुसऱ्या धाग्याने नवीन जोडणी मागितली. त्यात जुना ट्रान्सपोर्ट काढून टाकला गेला आणि त्याची मेमरी मोकळी झाली. पहिल्या धाग्याला कुलूप मिळालं तेव्हा त्याच्या हातात जुनाच पत्ता होता. त्याने तिथे चार बाइट लिहिले. ती जागा आता दुसऱ्या कुणाची असू शकते.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही ओळ मुळात चुकीची नव्हती. एका सॉकेटचा ट्रान्सपोर्ट मध्येच बदलत नव्हता, तोवर पत्ता आधी घेतला काय नि नंतर घेतला काय, फरक नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये एकापेक्षा जास्त ट्रान्सपोर्टची सोय आली आणि तीच ओळ खोटी ठरली. आपल्या भागात हे समजावून सांगायला नको. २ जून २०१४ च्या आधी कुणी वहीत ‘तलमडुगू, आंध्र प्रदेश’ लिहिलं असेल तर ते बरोबरच होतं. गाव जागचं हललं नाही, वहीही कुणी खोडली नाही, तरी दुसऱ्या दिवशी पत्त्यातलं राज्य चुकलं.

जानेवारी २०२१ मध्ये अलेक्झांडर पोपोव या रशियन संशोधकाला हा दोष सापडला. तो साइझकॉलर नावाचं साधन चालवत होता. हे साधन कर्नलला उलटसुलट हाका मारत राहतं आणि कुठे कोसळतंय ते टिपून ठेवतं. एकदा कोसळलं, पण तेच पुन्हा घडवून आणणं काही त्या साधनाला जमेना. रेस कंडिशनचा खरा त्रास हाच. दोन कामांमधली फट इतकी बारीक असते की हजारदा सगळं सुरळीत जातं. शेवटी पोपोवने कोड स्वतः वाचला, ओळ ओळ करून. आपण कविता वाचतो तसंच म्हणा ना.

चार बाइटने काय होणार, असं वाटतं ना? पोपोवने फेडोरा ३३ सर्व्हरवर दाखवून दिलं की एवढ्यावरून साधा वापरकर्ता मशीनचा सर्वाधिकारी बनू शकतो, तेही प्रोसेसरमधली संरक्षणं चुकवून. सर्वाधिकारी म्हणजे प्रत्येकाची फाइल, प्रत्येकाचा पासवर्ड त्याच्या हाती. शिवाय व्हीसॉक उघडायला खास परवानगी लागत नव्हती. म्हणून हा नुसता कोसळण्याचा प्रश्न उरला नाही.

दुरुस्ती पाठवलीही पोपोवनेच. कुलूप आधी, पत्ता नंतर. आधी किल्ली हातात घ्या, मग रजिस्टर पाहा, एवढंच. नवीन कुलूप लावलं असतं तर काम थोडं मंदावलं असतं, किंवा दोन कुलपं एकमेकांची वाट बघत अडकून बसली असती. इथे कुलूप जागेवरच होतं, म्हणून तो धोका आलाच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा बदल लिनक्स ५.११ च्या तयारीत दाखल झाला आणि आधीच्या चालू आवृत्त्यांनाही पोचवला गेला.