केकच्या आधीचे चार रविवार

दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच दुकानांतून सांताक्लॉजच्या टोप्या लटकू लागतात. डिसेंबर सुरू व्हायच्या आत केकची ऑर्डर दिली जाते, सोसायटीत झाड उभं राहतं, शाळेत नाताळचा कार्यक्रमही उरकतो. प्रत्यक्ष २५ तारीख उजाडते तेव्हा घरातलं चार-पाच वर्षांचं मूल या सगळ्याला कंटाळलेलं असतं. सण म्हणजे केक, कपडे आणि भेटवस्तू एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

गावी असं होत नसे. वसईच्या वाडीत चर्चची घंटा घरात ऐकू यायची, आजी हाताशी असायची आणि कोणता काळ चालू आहे हे मुलाला स्वयंपाकघरातल्या वासावरूनच कळायचं. शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे काम आईवडिलांवर येऊन पडतं. दोघंही नोकरी करणारे असले तर रविवारची प्रार्थना उरकली की झालं, अशी मनाची समजूत घातली जाते.

वर्ष सुरू होतं नाताळच्या आधी

खरं तर चर्चचं वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर नाताळच्या चार रविवार आधी, ३० नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं. हा आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ. लहान मुलांना वाट पाहणं हीच सर्वांत अवघड गोष्ट, हे एका जर्मन धर्मसेवकाने ओळखलं होतं. हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्नला मुलं रोज विचारून भंडावत, नाताळ कधी? १८३९ साली त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान तांबड्या. रोज एक पेटवायची आणि उरलेल्या मोजायच्या. आज चर्चमध्ये आणि घरोघरी दिसणारं चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं त्यातूनच आलं.

घरी त्यासाठी फार खर्च नको. पितळी ताटात थोडा पाला आणि चार मेणबत्त्या पुरतात. बऱ्याच ठिकाणी तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. रात्रीच्या जेवणाआधी दिवा मालवून मेणबत्ती लावावी, एखादं गाणं म्हणावं आणि पाच मिनिटांत आटपावं. लांबलेली प्रार्थना मुलांना जांभया देते. मेणबत्ती विझवण्याचा मान मात्र आळीपाळीने मुलांनाच द्यावा, भांडणं वाचतात.

मुंबई-गोव्याकडे गोठ्याच्या देखाव्यासाठी वाटीत नाचणी किंवा गहू पेरतात. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब येतात आणि त्यांचीच शेतं होतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या शेजारणीला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाणी घालायचं काम मुलाचं. गव्हाण मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. बाळ येशूची मूर्ती कपाटात आहे हे मुलाला ठाऊक असतं, तरी ते रोज गव्हाणीत डोकावून पाहतं.

तीन राजांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर ठेवाव्यात आणि २५ डिसेंबरपासून रोज थोड्या पुढे सरकवाव्यात. ६ जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. गोव्यात कासावलीच्या परिसरात त्या दिवशी तीन गावांतली तीन मुलं राजे बनून टेकडीवरच्या देवळात जातात. घरातली मिरवणूक फळीपासून टेबलापर्यंतच असते, पण २६ तारखेला सण संपल्याची उदासी त्यामुळे टळते.

उपास कोणी करायचा?

लेंतचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा काळ नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो. राखेच्या बुधवारापासून रविवार वगळून चाळीस दिवस. मुलांना उपाशी ठेवण्याचं कारण नाही. कॅथलिक नियमानुसार उपवासाचं बंधन अठराव्या वर्षापासून आणि मांसवर्ज्याचं चौदाव्या वर्षापासून आहे. चॉकलेट सोडायला लावलं तर मूल ते आजोबांकडे जाऊन खातं आणि खोटं बोलायला शिकतं! त्यापेक्षा काही द्यायला शिकवावं. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन घरांत स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. ही रीत शंभराहून अधिक वर्षांची आहे. चाळीस दिवस मुलाच्या चिमुकल्या मुठीने डब्यात तांदूळ टाकायचे आणि ते कोणाला द्यायचे हे त्यालाच ठरवू द्यायचं.

सर्वांत अवघड दिवस गुड फ्रायडे. येशूला का मारलं, हा प्रश्न चार वर्षांचं मूल विचारतंच. काही पालक विषय टाळून थेट ईस्टरच्या अंड्यांवर येतात, तर काही खिळे आणि रक्ताचं इतकं वर्णन करतात की मूल रात्री दचकून उठतं. दोन्ही चूकच. लोकांनी एका चांगल्या माणसाला मारलं, त्याच्या आईला फार दुःख झालं आणि आज आपण शांत राहून त्याची आठवण काढतो, एवढं या वयाला पुरतं. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी घंटा वाजत नाही, काही ठिकाणी लाकडी खटखटा वाजवतात. घरीही टीव्ही बंद आणि जेवण साधं. घरात यंदा कोणाचा मृत्यू झाला असेल तर मूल त्याच माणसाबद्दल विचारू लागतं. तेव्हा त्याला गप्प बसवू नये. शाळासोबती 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणाले तर रागावू नये, हा दुःखाचा दिवस असतो एवढंच सांगावं, हेही त्याला आधीच शिकवलेलं बरं.

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का, याचं उत्तर आकाशात दाखवता येतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान पडतो. चर्चची पौर्णिमा गणिताने ठरते, त्यामुळे पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण गच्चीवर चंद्र पाहायला जाणाऱ्या मुलाचं त्यावाचून काही अडत नाही. शनिवारी रात्री चर्चमध्ये अंधारात मेणबत्तीवर मेणबत्ती पेटत जाते, तेव्हा झोपेला आलेलं मूलही डोळे उघडतं. दुपारी त्याला निजवून घ्यावं.

ईस्टरचा आनंद पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत चालतो. तोवर मे-जूनची सुट्टी असते, मुलं आजोळी असतात. टेबलावरचं कापड बदलायचं काम त्यांचंच. आगमनकाळात आणि लेंतमध्ये जांभळं, नाताळला आणि ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला लाल. शाळा सुरू झाली की हिरवं कापड घालायचं, ते थेट पुढच्या आगमनकाळापर्यंत.