यंत्र कोणाच्या बोटावर पारखले?

कोरोनाकाळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचले. ते कातडीतून प्रकाश सोडून रक्तातील प्राणवायू मोजते. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले की, प्राणवायूची धोकादायक घट काळ्या रुग्णांत गोऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट वेळा या यंत्रातून निसटते. यंत्राला वर्ण नसतो. पण ते कोणाच्या बोटावर पारखायचे, हे माणसे ठरवतात. त्या माणसांत आम्ही कुठे आहोत?

मुंबई आयआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे एम.टेक. आहे. गेट परीक्षेत २०२० पासून या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे. अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत. बाबासाहेब बी.ए.वर थांबले नाहीत. १९१३ साली कोलंबियाला गेले. मग आमच्या मुलांनी बी.ई.वर का थांबावे?